घरचा टेलिव्हिजन आणि कुलुपाची कुरकूर

दिवाणखान्यांत सारें कुटुंब जमलेलें असावें, आजोबांनीं चष्मा पुसून घ्यावा, आणि नेमक्या त्याच क्षणीं पडदा काळा होऊन त्यावर ‘एचडीसीपी एरर’ किंवा ‘कॉपी-प्रोटेक्शन’ अशीं अक्षरें उमटावींत, हा अनुभव हल्लीं पुष्कळ घरांस येतो. देवळ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं त्याचा बोभाटा अंमळ अधिकच होतो. ‘कॉपी’ हा शब्द वाचून वडील मंडळी नातवाकडे संशयानें पाहूं लागतात. नातू म्हणतो, वर्गणी रीतसर भरली आहे. शब्दानें शब्द वाढतो, आणि शेवटीं नाशिकाहून नवा टेलिव्हिजन आणावा असा ठराव होतो. आमच्या मतें यांतील संशय आणि ठराव हे दोन्ही अनाठायीं आहेत.

एचडीसीपी ही अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें काढलेली पद्धति होय. तिचें पहिलें रूप २००० च्या सुमारास आलें. चित्र पाठविणारा सेट-टॉप बॉक्स व चित्र दाखविणारा टेलिव्हिजन यांना जोडणाऱ्या एचडीएमआय तारेंतून चित्र उघडें न जातां गुप्त लिपींत जावें, म्हणजे वाटेंत कोणास त्याची नक्कल उतरून घेतां येऊं नये, हा तिचा हेतु. त्यासाठीं हीं यंत्रें आधीं एकमेकांची ओळख पटवितात. जुन्या आवृत्तींत प्रत्येक यंत्राजवळ चाळीस गुप्त किल्ल्या असतात. दोघांनीं आपापल्या किल्ल्यांवरून स्वतंत्र हिशेब करावयाचा, आणि उत्तर एकच आलें तर चित्र सुरू व्हावयाचें. बरें, ओळख एकदां पटली म्हणजे संपलें असेंहि नाहीं. दर दोनेक सेकंदांनीं पुन्हां पडताळा होतो. नव्या विहिणीसुद्धां एकमेकींची इतकी विचारपूस करीत नसतील! मध्यें साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर असेल तर त्याचीहि आणि त्याच्या पलीकडील टेलिव्हिजनचीहि ओळख पटावी लागते. या सवाल-जबाबांत एखादें उत्तर उशिरां आलें, किंवा तार खोबणींत सैल बसली, कीं पडदा काळा, गुलाबी, अथवा मुंग्या भरल्यासारखा होतो. म्हणजे यंत्र घरच्या माणसांस चोर म्हणत नसून शेजारच्या यंत्रास ‘तूं कोण?’ एवढेंच विचारीत असतें.

आमच्या भागांत वीज जाऊन परत आली कीं सगळीं यंत्रें एकदम जागीं होतात. बॉक्स प्रश्न विचारून मोकळा होतो, तेव्हां टेलिव्हिजन अद्याप डोळे चोळीत असतो. अशा वेळीं रिमोटनें बंद-चालू करण्यांत अर्थ नाहीं. तें खरें बंद करणेंच नव्हे. भिंतीवरील बटणें बंद करून, तार दोन्ही टोकांनीं काढून, दोन-तीन मिनिटें स्वस्थ बसावें. मग तार घट्ट बसवून आधीं टेलिव्हिजन, नंतर साउंडबार, आणि सर्वांत शेवटीं बॉक्स सुरू करावा. पुष्कळदां एवढ्यानेंच काम भागतें. न भागल्यास मधलीं यंत्रें वगळून बॉक्स थेट टेलिव्हिजनला जोडावा. चित्र आलें, तर दोष मधल्या यंत्राचा किंवा त्याच्या तारेचा. न आलें, तर दुसरी तार आणि टेलिव्हिजनची दुसरी खोबणी लावून पाहावी. खोबणी बदलण्याचें महत्त्व लोकांस ठाऊक नसतें. एचडीएमआयसाठीं या पद्धतीची २.२ ही आवृत्ति २०१३ सालीं आली, आणि आरंभींच्या कित्येक ‘फोर-के’ टेलिव्हिजनांत एखाददुसरीच खोबणी तिला ओळखणारी असे. टेलिव्हिजन त्याहूनहि जुना असेल, तर बॉक्सच्या सेटिंगमध्यें चित्र ‘१०८०पी’ वर आणावें. बेताच्या पडद्यावर आणि बेताच्या अंतरावरून हा फरक फारसा जाणवत नाहीं. उमराण्याच्या बाजारांत कांद्यास भाव मिळाला म्हणून लगोलग नवा टेलिव्हिजन घेण्याचें कारण नाहीं.

हें कुलूपच काढून टाकणारी डबी बाजारांत मिळते, असें कोणी जाणता भाचा सांगेल. आम्ही ती सुचवीत नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं ६५-अ हें कलम घालण्यांत आलें. हक्कभंगाच्या हेतूनें असें संरक्षण मोडणाऱ्यास त्यान्वयें दोन वर्षांपर्यंत कैद व दंडहि होऊं शकतो. ‘हेतूनें’ हा शब्द तेथें आहे खरा. परंतु आपला हेतु शुद्ध होता हें पटवीत बसण्यापेक्षां तार नीट बसविणें सोपें. मात्र या पद्धतीविषयीं आमचें मत चांगलें आहे असें कोणीं समजूं नये. तिच्या पहिल्या आवृत्तीची मूळ किल्ली २०१० सालीं जगजाहीर झाली, आणि ती खरी असल्याचें इंटेलनेंहि मान्य केलें. ज्यांना अडवावयाचें त्यांची सोय झाली. पडदा काळा होतो तो मात्र वर्गणी भरणाऱ्याचा.

इतकें करूनहि चित्र न आल्यास बॉक्स शेजाऱ्यांकडे नेऊन त्यांच्या टेलिव्हिजनला जोडून पाहावा. तेथें चालला, तर दोष बहुधा आपल्या टेलिव्हिजनचा. तेथेंहि तेंच रडगाणें, तर बॉक्सचा. दुरुस्तीवाला कोणता बोलवावयाचा हें त्यावरून ठरवावें, आणि पडद्यावरील अक्षरें जशींच्या तशीं कागदावर उतरून ठेवावींत. सूनबाईंनीं मोबाइलवर छायाचित्र घेतलें तरी चालेल.