घोड्यांचे जंत : आधी लीद तपासावी, मग औषध द्यावे

घोडा खंगो वा न खंगो, दर दोन महिन्यांनी तबेल्यातील सर्व जनावरांना जंतांचे औषध पाजावे, ही रीत आता सोडून देणे हिताचे आहे.

1966 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 6 ते 8 आठवड्यांच्या अंतराने औषध देण्याची पद्धत सुचविली. आतड्यांच्या रक्तवाहिन्या बिघडवून प्राणघातक पोटशूळ उत्पन्न करणारे मोठे जंत तीमुळे पुष्कळ हटले. परंतु प्रत्येक वेळी जे लहान जंत औषधास पुरून उरले, त्यांचीच प्रजा वाढत गेली. आज बेंझिमिडाझोल वर्गातील औषधांना हे लहान जंत अनेक देशांत दाद देत नाहीत. शिंगरांच्या पोटातील मोठ्या गोल जंतांवर आयव्हरमेक्टिनही ठिकठिकाणी निष्प्रभ ठरले आहे. गुणकारी औषधे मोजकीच उरली असल्याने ती जपूनच वापरली पाहिजेत.

सर्व घोडे सारखेच जंत पसरवीत नाहीत. साधारणतः पाचांपैकी एकाच प्रौढ घोड्याच्या लिदीतून कळपातील सुमारे 80 टक्के अंडी बाहेर पडतात. म्हणून प्रत्येकाची ताजी लीद पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावी. एका ग्रॅममध्ये 200 हून अधिक अंडी आढळल्यास औषध द्यावे आणि 14 दिवसांनी पुन्हा तपासणी करून गुण आला की नाही हे पाहावे. मात्रा वजनाप्रमाणे पुरी असावी. अपुऱ्या मात्रेने जंत मरत नाहीत, निर्ढावतात. मोठ्या जंतांसाठी वर्षातून एकदोन वेळा सर्वांनाच औषध द्यावे लागते. शिंगरांचे वेळापत्रक निराळे असते. ते पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे.

तपासणीचा खर्च व्यर्थ आहे, असे काही पशुपालकांस वाटते. परंतु गरज नसता पाजलेल्या औषधाचा खर्च त्याहून व्यर्थ होय. कारण त्याने पुढील औषधाचा गुणही जातो.

खरा बंदोबस्त कुरणातच करावयाचा आहे. आठवड्यातून दोनदा लीद उचलावी व ढीग रचून कुजवावी. आतील उष्णतेने अंडी व अळ्या मरतात. ओली लीद चराऊ रानात पसरू नये. धनगरांची घोडी मेंढरांबरोबर एकाच रानात चरतात, हेही उपकारकच आहे. कारण घोड्यांच्या बहुतेक जंतांच्या अळ्या मेंढराच्या पोटात वाढत नाहीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी औषधाच्या वाटपाइतकेच लिदीचे नमुने दवाखान्यात पोहोचविण्याकडे लक्ष दिल्यास ही औषधे पुढील पिढीच्या घोड्यांनाही उपयोगी पडतील.