डॉक्टर कुणाचा?

ग्वांटानामोचं नाव तुम्ही ऐकलंय. क्युबाच्या किनाऱ्यावरचा अमेरिकेचा नाविक तळ. ११ जानेवारी २००२ ला तिथं पहिले कैदी उतरवले, आणि पुढं सुमारे ७८० माणसं कोंडली. बहुतेकांवर आरोपपत्रच नाही. मारझोडीवर पुष्कळ लिहून झालं. मला बोलायचंय ते तिथल्या पांढऱ्या कोटाबद्दल.

२०१३ साली तिथल्या १६६ कैद्यांपैकी १०० हून जास्त जणांनी अन्न सोडलं. खटला चालवा, नाहीतर घरी सोडा, एवढंच मागणं. मग त्यातल्या कित्येकांना पट्ट्यांच्या खुर्चीत आवळलं, नाकातून नळी घातली आणि पोटात पातळ खाणं ओतलं. नळी घालणारा शिपाई नव्हता हो, शिकलेला नर्स होता, वर डॉक्टरची सही होती. १९७५ सालीच टोकियोत जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेनं ठरवून ठेवलंय की कैद्यानं समजून-उमजून अन्न नाकारलं तर त्याला बळजबरीनं भरवायचं नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१३ साली संरक्षणमंत्र्याला पत्र लिहून हेच सांगितलं. पत्र फायलीला लागलं. नळी चालूच राहिली.

आणि तक्रार करणार कुणाविरुद्ध? तिथल्या दवाखान्यातली माणसं खरं नावही लावत नसत. काहींच्या छातीवर तर शेक्सपियरच्या नाटकातल्या पात्रांची नावं! घ्या, आता शेक्सपियरवर खटला भरा.

२०१४ साली नौदलाचा एक नर्स म्हणाला, मी नळी घालणार नाही. त्याला तिथून परत धाडलं, नोकरीतून काढायची तयारी केली. बाहेर नर्सांच्या संघटनेनं आवाज उठवला तेव्हा कुठं तो वाचला. एवढ्या मोठ्या तळावर आम्हाला नाव ठाऊक नसलेला हा एक माणूस. त्याला माझा जय भीम.

मी सूतगिरणीत, कार्डिंग खात्यात आहे. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळते, दम लागतो. हा कापसाच्या धुळीचा रोग आहे, पुस्तकात आहे. आमच्याकडं डॉक्टर छातीला नळी लावतो न लावतो आणि लिहितो, सर्दी, कामाला फिट. त्याचा पगार मालकाच्या तिजोरीतून येतो. म्हणून मला ग्वांटानामोचा डॉक्टर समजायला इंग्रजी लागत नाही. फक्त तिथं मालकाच्या हातात बंदूक आहे, आणि रोग्याला गेटाबाहेर जाता येत नाही.

मग देखरेख कुणाची? रेड क्रॉसवाले २००२ पासून आत जातात, पण त्यांचा अहवाल सरकारच्या कानात, आपल्याला ऐकू यायचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या तज्ज्ञाला आत पाऊल टाकायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. एकवीस वर्षं! त्या बाईंनी लिहिलं की आतली वागणूक अजूनही क्रूर आणि अमानुष आहे.

मोसुलच्या एका कैद्याची गोष्ट बघा. वर्षानुवर्षं पाठीच्या कण्याचं दुखणं सांगत होता. सप्टेंबर २०१७ मध्ये लघवीवरचा ताबा गेला तेव्हा घाईघाईनं शस्त्रक्रियेची टोळी विमानानं आणली. तळावर तसा सर्जन नव्हता, आणि कैद्याला उपचारासाठीसुद्धा अमेरिकेच्या भूमीवर न्यायला संसदेनं बंदी घातलेली. त्यानंतर त्याच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला, तळाच्या कमांडरच्या हाताखाली नसलेला मुख्य वैद्यकीय अधिकारी नेमायचा. चांगलं झालं. पण तो जबाबदार कुणाला? संरक्षण खात्यालाच. म्हणजे मुकादमाची तक्रार मुकादमाच्या भावाकडं.

कुणी म्हणेल, अरे तो अतिरेक्यांचा कमांडर होता, २०२२ साली त्यानं गुन्हा कबूल केला. केला ना! मग त्याची सजा देणं हे कोर्टाचं काम. कण्याचा मणका सडवणं हे कुठल्या कलमात लिहिलंय? औषध चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून वाटायचं ठरलं, तर आपल्या वाट्याला कधी आलं असतं?

म्हणून कैद्याचा डॉक्टर वर्दीबाहेरचा पाहिजे. त्याचा पगार, बढती, बदली कोठडीवाल्याच्या हातात नको. कैद्याचे वैद्यकीय कागद कैद्याला आणि त्याच्या वकिलाला मिळालेच पाहिजेत. हे वरून कुणी आपणहून देत नाही.

स्टीव्ह बिको आठवा. तिथं लष्कर नव्हतं, दक्षिण आफ्रिकेचे सुरक्षा पोलीस होते, पण डॉक्टर याच जातीचे. सप्टेंबर १९७७, डोक्याला मार, पाठीच्या पाण्यात रक्त, आणि डॉक्टर लँगनं लिहून दिलं की काही बिघाड दिसत नाही. डॉक्टर टकरनं शेकडो मैल प्रिटोरियाला न्यायला हरकत घेतली नाही. नागडा, गाडीच्या मागच्या फळीवर. १२ सप्टेंबरला बिको गेला. तिथल्या मेडिकल कौन्सिलनं १९८० साली सांगितलं, चौकशीसारखं काही नाही. तेव्हा मोजक्या डॉक्टरांनी आपल्याच कौन्सिलला कोर्टात खेचलं. १९८५ साली कोर्टानं कौन्सिलला चौकशी करायला लावली, लँग दोषी ठरला आणि टकरचं नाव डॉक्टरांच्या यादीतून खोडलं गेलं.