चिनी बासरी, जर्मन फुंकर

चिनी कवितेचा पाश्चात्त्य संगीतावरचा प्रभाव म्हटलं की हमखास एकच नाव पुढे येतं : माहलरचं 'दास लीड फॉन डेअर एर्डे'. मंडळी, मला हे बिलकूल मान्य नाही! कलाकृती थोर आहे, वादच नाही. पण त्यात चीन किती?

हिशोब बघा. मूळ कविता आठव्या शतकातल्या. १८६२ मध्ये एर्व्हे द सँ-दनीने आणि १८६७ मध्ये ज्युदित गोतिएने अशा कविता फ्रेंचमध्ये नेल्या (गोतिएबाईंनी तर मनची भर घालून). १९०५ मध्ये हाइलमानने त्यांवरून जर्मन केलं. १९०७ मध्ये हान्स बेटगेने त्यावरून 'चिनी बासरी' रचली. ह्या गृहस्थांना चिनीचा गंधही नव्हता. त्यातल्या माहलरने उचलल्या, वर स्वतःच्या ओळी घातल्या. म्हणजे कॉपी-पेस्टचं कॉपी-पेस्ट, मूळ कोड न उघडता! तिसऱ्या गाण्यातला चिनीमातीचा मंडप घ्या. अभ्यासकांचा तर्क असा की तो 'थाओ' आडनावाच्या कोणाचातरी मंडप होता. थाओचा दुसरा अर्थ भाजलेली मातीची भांडी. झालं!

१९०७ मध्येच माहलरची मुलगी गेली, हृदयाचं दुखणं कळलं. शेवटच्या अर्ध्या तासाच्या 'निरोपा'त एक कविता वांग वेईची आहे खरी, पण रडू माहलरचं आहे.

त्यापेक्षा चौ वन-चुंग ऐका. (आपल्यातलाच, सिव्हिलवाला! १९४६ मध्ये आर्किटेक्चरची स्कॉलरशिप घेऊन अमेरिकेत गेला आणि ती सोडून संगीत शिकला. आहे हिंमत?) त्याची १९५७ची पियानोरचना 'द विलोज आर न्यू'. पुन्हा वांग वेई, पुन्हा निरोप, कविता मात्र दुसरी. आणि इथे शब्दच नाहीत. त्या कवितेची छिन ह्या तंतुवाद्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलेली चाल त्याने घेतली. छिनवर तार छेडल्यावर बोट सरकवून सूर वळवतात, आपल्या मींडेसारखा. पियानोत मींड कुठून आणणार? मग चौने चालीतल्या सुरांना अगदी शेजारचे सूर चिकटवले, कधी पार खालच्या सप्तकात टाकून, की सूर हलल्यासारखा वाटावा. पहिल्यांदा कानाला टोचतं. दोन-तीनदा ऐका, मग सवय होते.

ह्याला मी प्रभाव म्हणतो. वाद्याच्या स्वभावाशी झगडून आणलेला. माहलरच्या सीडीवर मात्र 'शब्द : बेटगे आणि माहलर' एवढंच छापा, लि बाईला कशाला मध्ये ओढता?