एका खोलीतले तीन संसार

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून आणि मजल्यावरच्या सामाईक संडासाच्या रांगेतून ही माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली, तीही एक पैसा न भरता. या चाळी १९२० ते १९२५ दरम्यान बांधलेल्या. शंभर वर्षे आणि चार पिढ्या खोलीत काढल्यावर मिळालेले हे घर आहे. या घरांच्या दारात दिवाळीचे कंदील लागतात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

तरीही या संपादकीयाचा विषय आहे ती या सोहळ्यात नसलेली व्यक्ती. ती याच चाळीत जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, नोकरीला लागली. पण खोली तिच्या नावावर नाही. वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर आहे. लग्न ठरल्यावर तिला घर शोधावे लागते आणि गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये ते सापडत नाही. आमच्या जुन्या वर्गणीदारांच्या यादीवर नजर टाकली तरी हे कळते: आडनावे तीच, पत्ते मात्र डोंबिवली, बदलापूर, विरारचे.

पुनर्विकासावरची आपली सगळी चर्चा भाडेकरू आणि बिल्डर यांच्याभोवती फिरते. भाडेकरूला किती चौरस फूट, कॉर्पस निधी किती, ट्रान्झिट कॅम्पात किती वर्षे. बिल्डरला एफएसआय, म्हणजे बांधता येणारे चटईक्षेत्र, किती. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण या व्यवहारात पैसा घालणारा जो घर विकत घेणारा माणूस, त्याला कोणत्याही बैठकीत खुर्ची नसते.

ही रचना कशी झाली ते थोडक्यात पाहू. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. भाड्यात रंगाचा खर्चही निघेना, तेव्हा मालकांनी दुरुस्ती सोडली आणि खोल्या पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन, हातोहात फिरू लागल्या. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्तीसाठी उपकर लावला गेला. त्या हजारो उपकरप्राप्त इमारतींपैकी बऱ्याचशा आजही दक्षिण आणि मध्य मुंबईत टेकूंवर उभ्या आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. पुनर्विकास नको, असे म्हणण्याची चैन या शहराला परवडणारी नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या कलमाने मार्ग काढला तो असा: भाडेकरूंना नवे घर फुकट, आणि त्या खर्चाच्या भरपाईसाठी बिल्डरला जादा एफएसआय. त्यातून बांधलेले फ्लॅट बाजारभावाने विकायचे. सरकारने तिजोरीला हात न लावता जुन्या शहराची दुरुस्ती अशा प्रकारे नव्या खरेदीदारावर सोपवली. भाडेकरूंचे बांधकाम, त्यांचे दोन-चार वर्षांचे बाहेरचे भाडे, कॉर्पस, मालकाचा हिस्सा, कर्जावरचे व्याज, बिल्डरचा नफा, सगळे ‘सेल’च्या, म्हणजे विक्रीच्या घरांच्या, विंगमधल्या दरात येऊन बसते. पुनर्वसनाचे क्षेत्र वाढवून दिल्याची घोषणा झाली की टाळ्या पडतात. त्या वाढीचे बिल कोणाच्या नावाने फाटते, हे मात्र कोणी विचारत नाही.

त्यातला सर्वांत दुखरा नियम मोजणीचा. जुन्या इमारतीत १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेला भाडेहक्क पुनर्विकासात नव्याने धरला जात नाही. नियमामागचे कारण रास्त आहे. तो नसता तर रातोरात पार्टिशन घालून एका खोलीच्या चार झाल्या असत्या. पण खोलीत आई-वडील, माळ्यावर थोरला मुलगा-सून आणि गॅलरीतल्या पलंगावर धाकटा असे तीन संसार खरोखरच राहत असतील, तरी कागदावर एकच भाडेकरू आणि घरही एकच. चाळीत ही माणसे कशीबशी सामावत होती. बंद दाराच्या नव्या घरात तीन संसार मावत नाहीत, आणि ज्या दोघांना बाहेर पडावे लागते ते थेट बाजारात ग्राहक म्हणून उभे राहतात. भावाला फुकट मिळालेल्या घराचा खर्च ज्या दरात मिसळलेला आहे, त्याच दराने त्यांनी शेजारच्या विंगमध्ये घर घ्यावे, अशी ही व्यवस्था आहे.

आकडा मांडून पाहू. समजा, लालबागला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत दोन कोटींचे छोटे घर मिळाले. त्यावर मेट्रो अधिभारासह सहा टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे १२ लाख; पाच टक्के जीएसटी, म्हणजे १० लाख. उंबरठा दिसण्याआधीच २२ लाख गेले. केंद्र सरकारने २०१९ मध्ये परवडणाऱ्या घरांना एक टक्का जीएसटीची सवलत दिली, पण तिला किमतीची मर्यादा ४५ लाखांची. गिरगाव ते दादर या पट्ट्यात त्या किमतीत नव्या इमारतीतले घर कुठे मिळणार? राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, म्हाडाची, सोडतही तारून नेत नाही. २०२३ च्या सोडतीत ताडदेवच्या घरांची किंमत सुमारे साडेसात कोटी होती.

परवडणारी घरे बांधण्याची संधी आली नव्हती असे नाही. गिरणगावात सुमारे ६०० एकर गिरण्यांची जमीन होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर ती मोकळी होऊ लागली, तेव्हा १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली, बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना आणि दादरची कोहिनूर क्रमांक तीन ४२१ कोटींना विकली गेली. जमिनीलाच एवढा पैसा मोजल्यावर तिच्यावर कारकुनाचे, परिचारिकेचे, बेस्टच्या कंडक्टरचे घर उभे राहत नाही. मध्य मुंबईत मध्यमवर्गाची घरे बांधता येतील एवढी सलग जागा त्यानंतर पुन्हा आली नाही. आमच्या मते या शहराने गेल्या पन्नास वर्षांत केलेली ही सर्वांत मोठी चूक आहे.

हे सारे असूनही ज्यांनी सोने मोडून, गावची जमीन विकून पुनर्विकासाच्या इमारतीत घर नोंदवले, त्यांचे दैव भाडेकरूंच्या इमारतीशी बांधलेले असते. गोरेगावच्या पत्राचाळीत हे दिसले. २००८ च्या करारानंतर ६७२ भाडेकरूंनी घरे सोडली, त्यांचे बांधकाम अर्धवट राहिले, विकासकाने एफएसआय इतर बिल्डरांना विकून टाकला. भाडेकरू वर्षानुवर्षे घराविना राहिले आणि त्या इतर बिल्डरांकडून फ्लॅट घेतलेलेही अडकले. महारेरा ही स्थावर संपदा नियामक संस्था मे २०१७ पासून आहे आणि तिचा आधार मोठा आहे: नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. पण ती विक्रीच्या घरांवर लक्ष ठेवते; मोफत घर मिळणाऱ्या भाडेकरूंची बाजू तिच्या कक्षेबाहेर राहते, आणि प्रकल्प अडतो तो बहुधा तिथेच. म्हणून घर पाहायला जाणाऱ्या वाचकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे: सॅम्पल फ्लॅट पाहण्याआधी भाडेकरूंची इमारत कुठवर आली ते पाहा. ते राहतात तिथे जाऊन विचारा, भाडे वेळेवर मिळते का.

आणि ओसी, म्हणजे इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, पाहा. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात मंजुरी पाच मजल्यांची होती, एक इमारत वीस मजल्यांची झाली. पाव शतक राहिलेल्या लोकांचे वीज, पाणी, गॅस जून २०१४ मध्ये तोडले गेले. एवढ्यावर शहाणपण यायला हवे होते. पण २०२५ च्या जुलैत ताडदेवच्या विलिंग्डन हाइट्समध्ये ओसी नसलेले १७ ते ३४ मजले रिकामे करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला द्यावा लागला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. ‘ओसी येईलच हो’ या आश्वासनावर कोणी ताबा घेऊ नये.

आता सरकारने काय करावे ते. खासगी मालकाच्या वाड्यात किंवा चाळीत सरकारने दर ठरवून द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. पण बीडीडीची जमीन सार्वजनिक आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या १९५ चाळींचा पुनर्विकास म्हाडाच करत आहे, आणि त्याचा खर्च तिथल्या विक्रीच्या घरांतून निघायचा आहे. ती सगळी घरे सर्वांत चढ्या दराची असलीच पाहिजेत का? त्यांतला ठरावीक वाटा ४०० ते ५०० चौरस फुटांच्या घरांचा ठेवावा. याच वॉर्डांत राहिलेल्या किंवा नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या नावावर घर नसलेल्या कुटुंबांना तो सोडतीने, हप्ता झेपेल अशा किमतीत द्यावा. आणि दहा वर्षे ते घर विकता येणार नाही अशी अट घालावी. तिजोरीला जी तूट पडेल ती भरून काढण्याचा मार्ग त्या घरांच्या खरेदीदारांनी भरलेल्या मुद्रांक शुल्कातूनच सुरू होऊ शकतो. काळाचौकीच्या अभ्युदयनगरचा आणि कामाठीपुऱ्याचा पुनर्विकासही म्हाडाकडेच आहे. तिथेही ही तरतूद घालायची की नाही, हा निर्णय मंत्रालयातल्या एका सहीचा आहे.