विहीणबाईंचं कपाळ आणि माझा गाल

परवा नातीने मुलाच्या लग्नाचा अल्बम खाली काढला. चार पानं उलटली आणि म्हणाली, "आजी, सगळ्या फोटोंत तू पदर असा गालाला का लावून धरलायस?" सूनबाई आत भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला, पण ती काही बोलली नाही. तिला सगळं माहीत आहे.

माझ्या डाव्या गालावर वांगाचे डाग होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर आले आणि शाळेत जाण्यायेण्याच्या उन्हाने गडद होत गेले. नोकरी, घर, मुलं या धबडग्यात तिकडे बघायला सवड नव्हती. मुलाचं लग्न धारवाडला एका कानडी घरात ठरलं आणि एकाएकी मला आरसा दिसू लागला. व्याह्यांकडचे काय म्हणतील? एका मैत्रिणीने एका मलमाचं नाव सांगितलं. औषधाच्या दुकानात ट्यूब मिळाली. कुणी चिठ्ठी मागितली नाही, मीही दिली नाही. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की शाळेतल्या बायका विचारू लागल्या. मी आपली "हळद-दूध" म्हणून सांगत सुटले!

वर्षभर लावलं. लग्नाच्या दीड महिना आधी ट्यूब संपली, दुकानात नवी आली नव्हती, म्हणून आठ दिवस खंड पडला. गाल लालभडक झाला, आग होऊ लागली, बारीक पुटकुळ्या आल्या. पुन्हा लावलं की शांत, सोडलं की आग. अक्षतांच्या दिवशी पदर गालावर होता तो असा.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नव्या सुनेने स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "अत्ती, मारिगे एनातरी?" घरात त्या दिवसापर्यंत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, ना मराठीत ना कानडीत. मी रडलेच. दुसऱ्या दिवशी तीच मला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी आधी ट्यूब मागितली. त्यात तीन औषधं होती. एक रंग फिका करणारं, एक कात टाकायला लावणारं आणि तिसरं जोरदार स्टिरॉइड. "हे औषध वाईट नाही, पण आठवडे मोजून द्यायचं असतं. तुम्ही पावडरसारखं लावलंत," त्या म्हणाल्या. स्टिरॉइडने कातडी पातळ होते, आतल्या बारीक लाल शिरा दिसू लागतात, कधी चेहऱ्यावर लवही वाढते आणि सोडलं की चेहरा बंड करतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी मैत्रिणींनो, घरातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं आज चष्मा लावून वाचा.

गाल ताळ्यावर यायला आठ महिने लागले. औषधं थोडी, सनस्क्रीन भरपूर. बाहेर असले तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं आणि ढगाळ दिवशीही सोडायचं नाही. पावसाळ्यात सनस्क्रीन लावून भाजीला निघाले की आमचे हे हसायचे. मग थंडीत, ऊन सौम्य असताना, डॉक्टरीणबाईंनी चार हलके पील केले. ग्लायकोलिक ॲसिडचे. हे आम्ल उसातही असतं म्हणे, तेव्हा आपल्या जिल्ह्याला त्याचं काय कौतुक! मिनिटभर चुणचुणतं, मग चार दिवस कात निघते. आपल्या सावळ्या कातडीवर जोरदार पील केला तर उलट काळे डाग पडू शकतात, म्हणून त्यांनी घाई केली नाही. डाग पुसले गेले नाहीत, पण फिके झाले. वांग कायमचं जात नाही, उन्हात पुन्हा डोकं वर काढतं, हेही त्यांनी पैसे घेण्याआधीच सांगितलं होतं.

"या वयात कुणाला दाखवायचाय चेहरा?" असं हे म्हणाले. हे, जे वीस वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी जुनी बनियन घालून न्हाणीघरात मिशा काळ्या करतात!

माझं बघून विहीणबाईंना धीर आला. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या. कपाळावरच्या आठ्यांनी सतत रागावल्यासारख्या दिसायच्या, स्वभाव मात्र लोण्यासारखा. हुबळीला जाऊन त्यांनी बोटॉक्स घेतलं. मला धसकाच बसला, कारण ते मुळात एका जिवाणूचं विष. पण अगदी थोड्या मात्रेत ते स्नायूला सैल करतं. अमेरिकेत 1989 मध्ये ते तिरळेपणा आणि पापण्यांच्या आखडण्यावर मंजूर झालं आणि 2002 मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई, पुन्हा पैसे. टोचणारा हात शिकलेला नसेल तर पापणी काही आठवडे खाली येऊ शकते. म्हणून पार्लरमध्ये कुणी स्वस्तात देतो म्हणालं तर तिथून उठावं. विहीणबाईंनी हे सगळं विचारून घेतलं होतं. जावेने नाक मुरडलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पेन्शन नंदु, मारी नंदु!"

मलाही डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कपाळावरच्या उभ्या आठीचं काय करायचं? मी राहू द्या म्हटलं. पन्नास मुलांचा वर्ग एका आठीवर गप्प बसायचा. अजून बाजारात जुने विद्यार्थी तीच बघून ओळखतात.

रविवारी विहीणबाई पेढे घेऊन आल्या. नातीने मोबाइल रोखला आणि अज्जी इकडे, आजी तिकडे असं उभं केलं. मी मुद्दाम डावा गाल कॅमेऱ्याकडे केला. पदर खांद्यावर. फोटो बघून नात म्हणाली, "अज्जी हसतायत, तू रागावलेली का दिसतेस?"

"अगं, मी मास्तरीण आहे," म्हटलं, "आण इकडे, बघू."