बैठकीची खोली आणि निदानपरिवर्जन

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवडा या गावांतील घरबांधणीचा थाट अलीकडे पालटला आहे. नव्या घरातील सर्वांत शोभिवंत खोली म्हणजे बैठक. पीओपीचे छत, पश्चिमेला मोठी काच, प्लायवूडची कपाटे, जाड पडदे आणि गुबगुबीत सोफा. शोभेस आमचा विरोध नाही. तथापि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या जिल्ह्यात अशी खोली राहण्यास योग्य आहे काय, हा प्रश्न वैद्यांनीच विचारला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विषय आपल्या शास्त्राबाहेरचा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात उपचारांच्या तयारीत प्रथम घराचा विचार येतो. घर मजबूत असावे, वाऱ्याचा थेट झोत नसावा, पण एका बाजूने हवा खेळती राहावी; ते वावरण्यास सोयीचे आणि धूर, ऊन, पाणी, धूळ यांपासून सुरक्षित असावे, असा तेथील आशय आहे. वाग्भटांनीही ग्रीष्मचर्येत दुपारच्या विश्रांतीसाठी गार घर सांगितले आहे.

आता आपल्या बैठकीकडे पाहू. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. तापलेली हवा वर चढते. परंतु छताखालचे झरोके आता उरलेले नाहीत. पश्चिमेची काच तिसऱ्या प्रहरी ऊन थेट आत घेते. बंद खिडक्यांत कूलर लावला की हवा दमट होते आणि गारवा मिळत नाही. कूलरला दमट हवा बाहेर जाण्यास वाट लागते. वातानुकूलन यंत्र परवडले तरी वीज जाताच त्या बंद खोलीची भट्टी होते. तिचा ताप सर्वाधिक सोसतात ती दिवसभर घरी असणारी वृद्ध माणसे, बाळंतिणी आणि अर्भके. हीच माणसे शिरःशूळ, दाह, अनिद्रा या तक्रारी घेऊन आपल्याकडे येतात. आपण प्रवाळपिष्टी, मोरावळा देतो. हेतू मात्र घरीच राहतो.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामची बापूकुटी आजही उभी आहे. महात्माजी १९३६ मध्ये सेगावी राहावयास आले. मातीच्या भिंती, बांबू, कवेलूचे छप्पर आणि सावलीची ओसरी, सारे साहित्य परिसरातले. देशभरातील पाहुण्यांची बैठक तेथे चटईवर होत असे. विदर्भाचा उन्हाळा कसा सोसावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

सर्वांनी मातीची घरे बांधावीत, असे आम्ही म्हणत नाही. ती दरवर्षी लिंपावी लागतात आणि संधिवाताच्या रुग्णास चटईपेक्षा खुर्चीच हितावह. परंतु समोरासमोर खिडक्या, छताखाली झरोके, खिडकीवर रुंद छज्जा, स्लॅबवर चुन्याची सफेदी, पश्चिमेस न्हाणीघर वा कोठी ही पथ्ये आधुनिक घरातही पाळता येतात. उन्हाळ्यात दिवसा खिडक्या मिटाव्यात व रात्री उघडाव्यात, हे तर विनामूल्य आहे. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करावी, अन्यथा तेथेच डेंग्यूचे डास वाढतात.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. अनेकांचे दुकान घराच्या दर्शनी खोलीत असते. तेथे काचेमागे उन्हात मांडलेली औषधे ग्राहकास आकर्षक दिसतात, परंतु वेष्टनावरील ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ ही सूचना तेथेच मोडली जाते. दर्शनी कपाटात रिकामी खोकी मांडावीत व औषधे आतील भिंतीलगत ठेवावीत.

रुग्णपत्रिकेत आहार-विहाराबरोबर एक प्रश्न वाढवावा, असे आम्ही सुचवितो : दुपारी आपण कोणत्या खोलीत बसता आणि तिची खिडकी कोणत्या दिशेस आहे? आणि कोणी नव्या घराचा नकाशा काढीत असेल, तर पाया खणण्यापूर्वीच हा सल्ला त्यास द्यावा.