वाढते मूल, डोपामीन आणि आपली कपिकच्छू

'डोपामीन' हा शब्द आता केवळ मेंदूविकारतज्ज्ञांच्या ग्रंथांपुरता राहिलेला नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि जाहिरातींतून तो 'आनंदाचे रसायन' या नावाने घरोघरी पोहोचला आहे. मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, ते एका जागी बसत नाही, परीक्षा तोंडावर आली आहे. तेव्हा 'डोपामीन वाढवणारे काही आयुर्वेदिक आहे का?' अशी विचारणा वैद्यांच्या दवाखान्यात होते, तशीच औषधालयाच्या काउंटरवरही होते. या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे : कपिकच्छू, म्हणजेच खाजकुहिली. हे उत्तर प्रौढांच्या कंपवातात जितके सार्थ आहे, तितकेच वाढत्या मुलाच्या बाबतीत अविचाराचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधालयचालकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

दोन वनस्पतींचा वारसा

डोपामीनच्या शोधाशी आपल्या द्रव्यगुणशास्त्राचा संबंध फार जवळचा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ साली तिच्यापासून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. पुढे १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन दिल्याने निश्चल झालेले प्राणी 'डोपा' या द्रव्याने पुन्हा हालचाल करू लागतात, हे दाखवून दिले. रेसर्पिनमुळे मेंदूतील डोपामीनचा साठा रिता होतो आणि डोपामुळे तो पुन्हा भरतो, असा त्याचा अर्थ होता. या मालिकेतील संशोधनासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९६० साली व्हिएन्नाचे ओलेह होर्निकिएविच व त्यांचे सहकारी यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन अत्यंत घटलेले असते, हे सिद्ध केले.

हाच डोपा, म्हणजे लेवोडोपा, खाजकुहिलीच्या बियांमध्ये असल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखवले होते. एक वनस्पती डोपामीन रिते करते, दुसरी ते भरून काढते आणि दोन्ही आपल्या औषधालयाच्या फडताळात आहेत! याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु ज्या द्रव्याने मेंदूचे रसायन इतके बदलते, ते 'निरुपद्रवी टॉनिक' असू शकत नाही, हा त्या इतिहासाचा दुसरा अर्थही तितक्याच प्रामाणिकपणे स्वीकारला पाहिजे.

वाढत्या मेंदूत डोपामीनचे कार्य

प्रौढ मेंदूत डोपामीन हा मुख्यतः निरोप्या आहे. हालचालींचे नियमन, प्रेरणा, फळाच्या अपेक्षेने शिकणे, एकाग्रता या सर्वांत त्याचा वाटा आहे. वाढत्या मेंदूत मात्र तो निरोप्याबरोबरच गवंड्याचेही काम करतो. गर्भाच्या पहिल्या तिमाहीतच मध्यमेंदूत डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी दिसू लागतात. चेतापेशींची निर्मिती, त्यांचे स्थलांतर, त्यांना फुटणाऱ्या शाखा आणि परस्परांशी जुळणारे सांधे यांवर त्याचा प्रभाव पडतो. कपाळामागील अग्रमेंदूकडे जाणारे डोपामीनचे तंतू तर किशोरावस्थेतही वाढतच असतात. विवेक, संयम व नियोजन या शक्ती उशिरा पक्व होण्याचे हे एक कारण मानले जाते.

याच अग्रमेंदूविषयीचे एक निरीक्षण आपल्याला विशेष जवळचे वाटावे. तेथे डोपामीन कमी पडले तर कार्यस्मृती ढासळते आणि अधिक झाले तरीही ढासळते. अयोग आणि अतियोग दोन्ही रोगकारक, हे तत्त्व आपण अध्ययनाच्या पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत. म्हणून 'डोपामीन वाढवा' ही घोषणा आधुनिक विज्ञानाशी तर विसंगत आहेच, आयुर्वेदाशीही विसंगत आहे. येथे आणखी एक मोह टाळावा. डोपामीन म्हणजे वात, किंवा डोपामीन म्हणजे साधक पित्त, अशी समीकरणे व्याख्यानात टाळ्या मिळवतात. पण त्यांनी निदान सुधारत नाही आणि मात्राही ठरत नाही. दोन शास्त्रांचा संवाद व्हावा. शब्दांची अदलाबदल म्हणजे संवाद नव्हे.

विकारांचे स्वरूप

डोपामीनशी निगडित बालविकार एकाच साच्याचे नाहीत. लक्ष-न्यूनता व अतिचंचलता या विकारात मेथिलफेनिडेटसारखी औषधे डोपामीनचे पेशीत होणारे पुनर्ग्रहण रोखून परिणाम करतात. तथापि हा विकार केवळ 'डोपामीनची कमतरता' नव्हे. छिन्नमनस्कतेची लक्षणे बहुधा किशोरावस्थेच्या अखेरीस किंवा तारुण्याच्या आरंभी प्रकट होतात आणि तेथील औषधे उलट डोपामीनचा मार्ग अडवतात. एकलकोंडेपणा, चिडचिड, अभ्यासातील घसरण ही लक्षणे दोन्हीकडे दिसू शकतात. अशा तरुणाला कोणी लक्ष लागावे म्हणून लेवोडोपायुक्त चूर्ण दिले तर भ्रम व संशय वाढण्याचा धोका आहे.

जन्मजात विकार दुर्मिळ आहेत, पण ते जाणणे आपले कर्तव्य आहे, कारण त्यांतील काही उत्तम प्रकारे उपचारक्षम आहेत. जपानचे मासाया सेगावा यांनी १९७० च्या दशकात वर्णन केलेला विकार हे त्याचे ठळक उदाहरण. मूल सुरुवातीला ठीक चालते. पुढे पाय आखडतो, चवड्यावर चालणे सुरू होते. सकाळी झोपेतून उठल्यावर ते बरे असते आणि सायंकाळपर्यंत त्याची चाल बिघडते. अनेकदा अशा मुलावर 'सेरेब्रल पाल्सी'चा शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षे अभ्यंग, बस्ती व व्यायाम चालू राहतात. वस्तुतः अल्प मात्रेतील लेवोडोपाने हे मूल आश्चर्यकारकरीत्या सुधारते आणि तो लाभ दीर्घकाळ टिकतो. डोपामीन घडवणाऱ्या विकरांच्या इतर काही जन्मजात दोषांत तान्हे बाळ शिथिल पडते व त्याचे डोळे मधूनमधून वर खेचले जातात. त्याला अपस्मार समजले जाते, पण मेंदूचा विद्युत आलेख त्या वेळी निर्दोष असतो. डोळे वर जाणे व मान वाकडी होणे उलटीवरील मेटोक्लोप्रमाइडनेही घडू शकते. म्हणून आधी दिलेल्या औषधांची चौकशी करणे हे निदानाचे पहिले पाऊल होय.

येथे कोणी विचारील, लेवोडोपाच द्यायचा तर खाजकुहिली का नको? याचे उत्तर असे की, मुलाची मात्रा वजनानुसार, मिलिग्रॅमच्या हिशेबाने आणि पायरीपायरीने वाढवावी लागते. प्रमाण अज्ञात असलेल्या चूर्णाने ते साधत नाही. शिवाय अर्धवट सुधारणेमुळे खरे निदान लांबते, हा त्याहून मोठा तोटा. अशा मुलाला बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे वेळेवर पाठवणारा वैद्य त्याचे आयुष्य बदलतो. त्यात वैद्याला कसलाही कमीपणा नाही.

चमच्यातील गणित

खाजकुहिलीच्या बियांत लेवोडोपा साधारण ३ ते ६ टक्के असतो. वाण, भूमी, बियांची पक्वता, साठवण व शोधन यांनुसार त्यात फरक पडतो. चूर्णाची प्रचलित मात्रा ३ ते ६ ग्रॅम. आता हिशेब पाहावा : ३ टक्क्यांच्या चूर्णाच्या ३ ग्रॅममध्ये ९० मिलिग्रॅम लेवोडोपा, तर ६ टक्क्यांच्या चूर्णाच्या ६ ग्रॅममध्ये ३६०. दोन्ही मात्रा 'प्रचलित'च आहेत, पण अंतर चौपट आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खाजकुहिलीच्या पूरक उत्पादनांची तपासणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यात एका मात्रेतील लेवोडोपा काही मिलिग्रॅमपासून दोनशेहून अधिक मिलिग्रॅमपर्यंत आढळला. आपल्या दुकानांतील डब्यांची स्थिती याहून वेगळी आहे, असे छातीठोकपणे म्हणण्यासाठी डब्यावर आकडा हवा. तो बहुतेक ठिकाणी नसतो.

जेथे प्रमाण मोजले गेले, तेथे आपल्या औषधाने मानही मिळवला आहे. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व सहकारी यांनी १९७८ साली कंपवातातील उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. २००० सालच्या एका अभ्यासात १८ रुग्णांपैकी शोधन व शमन दोन्ही झालेल्या १३ जणांत लक्षणीय सुधारणा दिसली, केवळ शमन झालेल्या ५ जणांत तशी दिसली नाही. त्या औषधाच्या एका मात्रेत सुमारे २०० मिलिग्रॅम लेवोडोपा होता. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत खाजकुहिलीचा परिणाम प्रमाणित गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. मात्र २०१८ सालच्या १६ आठवड्यांच्या चाचणीत १४ पैकी निम्म्या रुग्णांनी पोटाच्या तक्रारींमुळे किंवा हालचाली बिघडल्यामुळे औषध सोडले, हेही सांगितले पाहिजे. हे सर्व अभ्यास प्रौढांवरील आहेत आणि संख्येने लहान आहेत. त्यांचा आधार घेऊन बालकांसाठी जाहिरात करणे शास्त्रसंमत नाही. शिवाय चरकोक्त चार मेध्य रसायने मण्डूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही आहेत. त्यांत कपिकच्छू नाही.

आपले खरे क्षेत्र

मग मुलांसाठी आपण काहीच करू नये काय? अवश्य करावे, आणि ते मुळापासून करावे. टायरोसिनपासून डोपा घडवणाऱ्या विकराला लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के बालकांत आणि ५२.२ टक्के गर्भवतींत रक्ताल्पता आढळली. या सर्वांचे कारण लोहन्यूनताच असते असे नव्हे. पण ते प्रमुख कारणांपैकी एक आहे. कोस्टारिकातील मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या बेट्सी लोझॉफ यांना असे आढळले की, तान्हेपणी दीर्घकाळ लोहन्यूनता सोसलेली मुले उपचारानंतरही एकोणिसाव्या वर्षापर्यंत बौद्धिक चाचण्यांत मागे राहिली. म्हणजे संधी गर्भिणी परिचर्येत आणि पहिल्या दोन वर्षांतच आहे. पाण्डूचे वेळीच निदान, हिमोग्लोबिनची तपासणी, आहार, कृमिचिकित्सा आणि लोहोपचार हेच मुलाच्या डोपामीनसाठी आपण करू शकणारे सर्वांत मोलाचे काम आहे. ते जाहिरातीत चमकत नाही, एवढेच.

या विवेचनावरून चार सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली : कपिकच्छूयुक्त औषधांच्या निर्मात्यांनी प्रत्येक घाण्यातील लेवोडोपाचे प्रमाण तपासून वेष्टनावर छापावे. अनुसूची 'ई-१'मधील द्रव्यांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा बंधनकारक असतो. कपिकच्छू त्या यादीत नाही, तरी तो इशारा आपण स्वेच्छेने द्यावा.

दुसरी : औषधालयचालकांनी मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी हे चूर्ण वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. डोपामीन प्रोलॅक्टिनला रोखते, त्यामुळे स्तन्य घटू शकते.

तिसरी : मागणाऱ्या प्रत्येकाला चालू औषधे विचारावीत. लेवोडोपाच्या गोळ्या चालू असतील तर मात्रा दुप्पट होईल. मानसविकाराची औषधे चालू असतील तर परस्परविरोध होईल. लोहाच्या गोळ्या सोबत घेतल्यास लेवोडोपाचे शोषण घटेल.

चौथी : दुष्परिणाम आढळल्यास तो लपवू नये. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठीचा औषधदक्षता कार्यक्रम २००८ साली सुरू झाला आहे. आपल्या सभासदांनी तेथे नोंद करण्याची सवय लावून घ्यावी.

या सूचनांनी विक्री थोडी घटेल, हे उघड आहे. परंतु कपिकच्छू हे कंपवाताच्या रुग्णासाठी आपल्या हाती असलेले खरेखुरे शस्त्र आहे. एखाद्या बालकाला त्याचा अपाय झाला आणि त्याची बातमी झाली, तर सरसकट बंदीची मागणी होण्यास वेळ लागणार नाही. मग ज्या वृद्धाला त्याचा लाभ होतो, त्याच्याही हातून ते जाईल. मात्रा व काल जाणणाऱ्याच्या हातीच औषध शोभते. संघटनेने आगामी वार्षिक सभेत या सूचनांवर चर्चा घडवून ठराव करावा, अशी नम्र अपेक्षा आहे.